भिवंडीत आज पाऊस पडला

श्रोतेहो, माझी धाकटी बहीण आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. तिचा मुलगा इंजिनीअरिंगला होता तेव्हाची, म्हणजे २०२३ सालची ही गोष्ट. एका रात्री दीड वाजता त्यानं माझं दार वाजवलं. भिवंडीत ज्यानं १९८४ साल पाहिलं आहे त्याला रात्री दार वाजलेलं आवडत नाही. धडधडत्या छातीनं मी कडी काढली, तर हा समोर उभा. हातात लॅपटॉप आणि चेहऱ्यावर ईद. म्हणाला, "मामू, आपण चौदावे आलो!"

कशात आलो ते मला कळेना, आणि त्या 'आपण'मध्ये मी कसा हेही कळेना. मुलाचं नाव मी सांगणार नाही. रेडिओवर नाव घेतलंत तर महिनाभर बोलणार नाही अशी तंबी त्यानं दिली आहे. नुसतं 'भाचा' म्हणतो.

हा भाचा यंत्राला शिकवण्याच्या स्पर्धांत भाग घेतो. इंग्रजीत याला मशीन लर्निंग म्हणतात. मी भिवंडीच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. माझं गणित दहावीलाच सुटलं. तरी दोनएक वर्षं त्याच्या शेजारी बसून जेवढं कळलं तेवढं सांगतो, कारण त्यातली एक गोष्ट तुमच्या-माझ्या जगण्याशी येऊन भिडते.

आधी भाच्याचे वडील. आमचे मेहुणे यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहेत. सांचा बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. चोवीस सांचे एकाच वेळी खटखटत असतात, शेजारी उभ्या माणसाला आपलंच बोलणं ऐकू येत नाही, आणि मेहुणे दारातून आत येता येता म्हणतात, सहा नंबरचा धोटा नीट जात नाही. कसं कळलं म्हणून विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. तीस वर्षं हजारदा ऐकलं, हजारदा सांचा उघडून पाहिला, त्यातून कान तयार झाला. नियम कोणी लिहून दिला नव्हता. भाचा मला म्हणाला, "मामू, मशीन लर्निंग म्हणजे अब्बूंचा कान. यंत्राला नियम सांगायचे नाहीत. उदाहरणं द्यायची आणि उत्तरं द्यायची. नियम त्यानंच आपल्यापुरता शोधायचा." प्राध्यापकानं तासभर बोलूनही मला एवढं कळलं नसतं.

आता स्पर्धा. आयोजक हजारो उदाहरणं देतात. त्यातल्या काहींची उत्तरं सोबत असतात, काहींची नसतात. ती त्यांनी कुलपात ठेवलेली. आपलं यंत्र पहिल्या ढिगावर शिकतं आणि दुसऱ्या ढिगाची उत्तरं देतं. किती बरोबर आली यावरून फळ्यावर नंबर लागतो आणि तो रोज खालीवर होतो. गंमत अशी, की रोजचा नंबर कुलपातल्या थोड्याच प्रश्नांवर लागतो, उरलेले शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवतात. म्हणून फळ्यावर पाहून पाहून जे आपलं यंत्र जुळवतात ते शेवटच्या दिवशी धाडकन खाली येतात. दहावीला 'एकवीस अपेक्षित' पाठ करून बसलेल्या मुलाला प्रश्न थोडा फिरवून विचारला की त्याचं जे होतं, तेच.

या खेळाची मोठी गाजलेली स्पर्धा अमेरिकेतल्या नेटफ्लिक्स कंपनीनं २००६ साली लावली. तेव्हा ही कंपनी टपालानं सिनेमाच्या तबकड्या पाठवायची. कोणत्या ग्राहकाला कोणता सिनेमा आवडेल हे आमच्यापेक्षा दहा टक्के चांगलं सांगा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा, असं त्यांनी जाहीर केलं. जगभरातली मंडळी जवळजवळ तीन वर्षं झटली. २००९ साली शेवटच्या दिवशी दोन संघांचे गुण सारखेच भरले आणि ज्यांचं उत्तर वीस मिनिटं आधी पोचलं होतं त्यांना बक्षीस मिळालं. पुढे कंपनीनंच सांगितलं, की ते जिंकलेलं अख्खं यंत्र वापरात आणायचा खटाटोप आम्हाला परवडण्यासारखा नव्हता. त्यातले आधीचे काही तुकडे तेवढे वापरले. मी ही हकीकत मेहुण्यांना सांगितली. ते जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे हजार कारागिरांनी कापड विणायचं आणि पैसे एकाच ताग्याचे द्यायचे. आमच्या शेठजींना सांगू नका हे."

२०१० साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये कॅगल नावाची कंपनी निघाली. अशा स्पर्धा भरवणं हाच तिचा धंदा. २०१७ साली गुगलनं ती विकत घेतली. भाच्याच्या पिढीचा हा आखाडा. नवशिक्याला तिथं पहिला धडा टायटॅनिक जहाजाचा देतात. ८९१ प्रवाशांची माहिती द्यायची, कोण वाचलं कोण बुडालं ते सांगायचं, आणि मग उरलेल्या ४१८ जणांचं यंत्रानं ओळखायचं. बायका, मुलं आणि पहिल्या वर्गाचं तिकीट काढलेले जास्त वाचले हे यंत्राला लगेच उमगतं. ते उमगायला यंत्र कशाला हवं, असं माझी बहीण म्हणाली.

भाच्याच्या खोलीच्या भिंतीवर एका माणसाचा फोटो आहे. मी आधी शाहरुख समजलो होतो, पण ते निघाले जेफ्री हिंटन. २०१२ साली टोरांटोच्या या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी चित्रं ओळखण्याची इमेजनेट नावाची स्पर्धा जिंकली. नुसती जिंकली नाही, दुसऱ्या क्रमांकाला कोसभर मागे टाकलं. आज घरोघरी ज्याची चर्चा आहे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात तिथून धरतात. हिंटनना २०२४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण आमच्या पोराला नोबेलचं कौतुक कमी. त्याला भुरळ पडली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या विद्यार्थ्यानं हे यंत्र व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनवलेल्या दोन कार्डांवर, राहत्या घरी शिकवलं होतं. राहत्या घरी! भिवंडीतल्या दोन खोल्यांत वाढलेल्या पोराला यापेक्षा आणखी काय हवं?

आता ज्या स्पर्धेत आम्ही चौदावे आलो होतो ती. तिचं नाव महत्त्वाचं नाही. मराठी वाक्यं दिली होती, लोकांनी समाजमाध्यमांवर लिहिलेली, आणि यंत्रानं ओळखायचं होतं की वाक्य द्वेषाचं, शिवीगाळीचं आहे की साधं. मराठीत हे काम नवीन आहे. 'फायर' या परिषदेत २०२१ साली द्वेषाची भाषा ओळखण्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा मराठी आली, तेव्हा मिळून अडीच हजारांच्या आसपास वाक्यं होती. २०२२ साली पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटानं पंचवीस हजार वाक्यं गोळा करून, त्यांच्यावर शिक्के मारून सर्वांसाठी खुली केली. इंग्रजीत हे आकडे लाखांत मोजतात. आपल्याकडे अजून मुठीत मावतात.

भाच्यानं आपल्या यंत्राला दोन दिवे लावले होते. द्वेषाच्या वाक्याला लाल, साध्याला हिरवा. जिथं यंत्र अडखळायचं ती वाक्यं तो माझ्याकडे आणायचा. म्हणून तो 'आपण'. मी नाकावर चष्मा चढवून बसायचो. "वा, काय माणूस आहे!" हे वाक्य लाल की हिरवं? कोण बोललं, कोणाला, कसल्या आवाजात, हे कळल्याशिवाय कसं सांगणार? कोकणातली आई पोराला 'मेल्या, मुडद्या' म्हणत जवळ घेते, तिथं लाल दिवा लागतो. आणि गेली तीस वर्षं कविसंमेलनं संपल्यावर लोक मला भेटून म्हणतात, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" तिथं हिरवा. भाचा म्हणाला, "मामू, यात काय चूक? कौतुकच आहे." मी म्हटलं, चूक नाही बाबा, बोलणारा मनापासूनच बोलतो. लागू दे हिरवा. पण मी दुसरी कुठली भाषा बोलणार होतो, असं त्याला कोणीतरी विचारायला हवं.

असे आम्ही चौदाचे सहावे झालो. पहिल्या दहांना पुण्याच्या एका कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं येणार होतं. भाच्याचं शेवटचं वर्ष, मेहुण्यांचा पगार तागे मोजून मिळणारा. बहिणीनं नमाजनंतरची दुआ लांबवायला सुरुवात केली होती.

मुदत संपायला चार दिवस उरले होते. शुक्रवार होता, आमच्या गल्लीतले सांचे बंद, सगळीकडे शांत. मला सहज लहर आली. म्हटलं, मी एक वाक्य लिहितो, तुझ्या यंत्राला विचार. लिहिलं: 'आज रमजानचा पहिला रोजा आहे.'

लाल.

मला वाटलं, काहीतरी चुकलं. भाच्यानं पुन्हा लिहून पाहिलं. लाल. मग त्यानंच लिहिलं: 'आज आषाढी एकादशीचा उपवास आहे.' हिरवा. 'ठाण्यात आज पाऊस पडला.' हिरवा. 'भिवंडीत आज पाऊस पडला.' लाल.

श्रोतेहो, कवीला शब्दांची सवय असते. शिव्या ऐकायचीही असते. पण पावसाचं एक साधं वाक्य, त्यात माझ्या गावाचं नाव, आणि त्याच्यावर लाल दिवा, हे पाहून मला घाम फुटला. यंत्राच्या मनात द्वेष नव्हता, मनच नव्हतं. त्याला दिलेल्या ढिगात भिवंडी, रमजान, मुसलमान हे शब्द जिथं जिथं आले होते तिथं बहुतेक कोणीतरी कोणाला शिव्या देत होतं. यंत्रानं बिचाऱ्यानं मेहुण्यांसारखा कान लावला आणि नियम शोधला: हा शब्द दिसला की भांडण आहे. शिव्या देणारा आणि ज्याला शिव्या दिल्या तो, दोघांना त्यानं एकाच कोठडीत टाकलं. हेही मी कुठंतरी पाहिलेलं आहे.

भाच्याला हा रोग ठाऊक होता. २०१९ साली कॅगलवरच गुगलच्या जिगसॉ या भावंड कंपनीनं एक स्पर्धा लावली होती. इंग्रजीतली अठरा लाखांवर मतं होती. आधीची यंत्रं समलिंगी, मुसलमान, ज्यू, कृष्णवर्णीय असे नुसते उल्लेख आले तरी वाक्य विखारी ठरवत होती, म्हणून त्या स्पर्धेत गुण देण्याची पद्धतच बदलली. असे उल्लेख असलेली वाक्यं वेगळी काढून तिथं यंत्र कसं वागतं तेही मोजलं. आमच्या स्पर्धेत तसं काही नव्हतं. कुलपातली वाक्यंही त्याच बाजारातली, त्यामुळे हा रोग असलेल्या यंत्राला गुण मिळत होते.

दोन रात्री जागून भाच्यानं इलाज केला. सहाशे साधी वाक्यं आम्ही लिहिली. भिवंडीत दूध महागलं, मालेगावात लग्न आहे, मुंब्र्याला लोकल उशिरा आली. ती शिकवल्यावर पावसाचं वाक्य हिरवं झालं आणि फळ्यावरचा आमचा नंबर सहावरून अठ्ठाविसावर घसरला. शेवटचं म्हणून एकच यंत्र पाठवायची मुभा होती. त्यानं मला विचारलं, "मामू, कुठलं पाठवू?"

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. मला नोकरी शोधायची नव्हती. मी म्हटलं, विचारतोस काय?

त्यानं आजारी यंत्र पाठवलं. शेवटच्या यादीत आठवा आला, बोलावणं आलं, बहिणीनं शेवया केल्या. मी खाल्ल्या नाहीत. तीन आठवडे आम्ही जिन्यात भेटलो की एकमेकांना सलाम करत होतो, तेवढंच.

त्या तीन आठवड्यांत मी १९८४चा विचार करत होतो. तेव्हा मी आठवीत होतो. त्याआधी १९७० साली आमचं गाव असंच पेटलं होतं, त्याची चौकशी न्यायमूर्ती मदन आयोगानं केली. या दोन सालांवर शिकवलेल्या यंत्राला १९९२ च्या डिसेंबरात विचारलं असतं, की बाबरी मशीद पडली, आता भिवंडीत काय होईल, तर त्यानं डोळे मिटून लाल दिवा लावला असता. आम्हीही लावला होता. माझ्या आईनं पीठ-तांदूळ भरून ठेवले होते. आणि मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. कारण १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. हिंदू-मुसलमान, सांचेवाले, दुकानदार, शिक्षक, आमच्या वडिलांसारखे कोणीच नसलेले लोक चार वर्षं चहा पीत बसले, गटारापासून भोंग्यापर्यंत भांडले, एकमेकांना तोंडओळखीपलीकडे ओळखू लागले. त्यामुळे अफवा उठली की विचारायला माणूस होतं.

चौथ्या आठवड्यात भाचा वर आला. लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मामू, तुम्ही रागावलात ते बरोबर. पण इलाज केलेल्या यंत्राला मी हेही विचारलं होतं, ते पाहा." वाक्य होतं: 'भिवंडीवाल्यांना आपल्या सोसायटीत घर देऊ नका.' दिवा हिरवा. आजारी यंत्रानं त्याच वाक्याला लाल लावला होता. शिवी एकही नाही, आवाज चढलेला नाही. भिवंडी म्हणजे वाईट असं धरल्यामुळे आजारी यंत्राला ते चुकून सापडलं होतं, आणि भिवंडी निरुपद्रवी असं आम्ही शिकवल्यावर ते निसटलं. "तुम्हाला एका यंत्राची चूक दिसली, मला दोघांची दिसत होती. सहाशे वाक्यांत हा रोग जात नाही. आणि अब्बूंचा पगार मला दिसत होता, तेही खरं." स्पर्धेसोबत आपली रीत लिहून द्यायची असते, त्यात चार पानं त्यानं या दोन वाक्यांवरच लिहिली होती. मुलाखतीत त्याच्याशी पाऊण तास त्याच चार पानांवर बोलले. नोकरी दुसऱ्याला मिळाली. त्याला सहा महिन्यांनी दुसरीकडे लागली, ठाण्यात, बरी आहे.

मी त्याला १९९२ सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मग १९८८ नंतरचा डेटा घालू या." मी म्हटलं, आणशील कुठून? जी दंगल झालीच नाही तिची बातमी कोण छापतो? चार वर्षांच्या चहाचं टिपण कोणी ठेवलं आहे? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ठेवू या की."

तेव्हापासून दर शुक्रवारी तो एक जाड वही घेऊन येतो. आम्ही वाक्यं लिहितो. गावाची, बाजाराची, सणाची, भांडणाचीसुद्धा, आणि जिथं टोमणा आहे तिथं टोमणा म्हणून लिहितो. वाक्य कोण कोणाला बोललं तेही समोर लिहायचं, हा माझा हट्ट. साडेअकराशे झाली आहेत. हा आकडा यंत्राच्या हिशेबी काहीच नाही, असं भाचा दर आठवड्याला सांगतो आणि दर आठवड्याला येतो. शेजारच्या पाटीलकाकूंनी श्रावणातल्या उपवासांची पंचवीस वाक्यं दिली आहेत. मेहुण्यांनी आजवर एकच दिलं: 'सहा नंबरच्या सांच्याचा पट्टा बदलला.'

गेल्या शुक्रवारी ते जेवून उठता उठता म्हणाले, "आज डाळ फार छान झाली होती." भाच्यानं लगेच वही ओढली, लिहून घेतलं आणि पुढे हिरवी खूण केली. आतून बहीण ओरडली, "लाल कर ते, लाल! मीठ विसरले होते मी."